स्वराज्याचे आजोळ

आषाढवारीत ज्ञानेश्वरांची पालखी फलटणास मुक्काम करते आणि पुढे बरडची वाट धरते. इतर प्रवाशांनाही फलटण ठाऊक असते ते वाटेवरचे गाव म्हणूनच. वास्तविक येथे एक दिवस तरी थांबावयास हवे.

शहाजीराजांच्या मातोश्री उमाबाई या फलटणच्या निंबाळकरांच्या कन्या. शिवाजीराजांच्या पत्नी सईबाई याही त्याच घराण्यातल्या. म्हणजे शहाजी आणि संभाजी या दोघांचेही आजोळ हेच. सईबाई १६५९ साली राजगडावर निवर्तल्या, तेव्हा संभाजीराजे अवघे दोन वर्षांचे होते. सईबाईंचे बंधू बजाजी यांना विजापूरच्या अमलात धर्म सोडावा लागला होता. ते स्वधर्मात परतले, आणि शिवाजीराजांनी आपली कन्या सखुबाई त्यांच्या पुत्रास, महादजीस दिली. शुद्धीला सोयरिकीचे बळ मिळाले, ते असे.

निंबाळकरांचे संस्थान १९४८ साली विलीन झाले. मुधोजी मनमोहन राजवाडा, राममंदिर, जबरेश्वराचे जुने दगडी देवालय आणि महानुभावांची स्थाने मात्र आजही पाहावयास मिळतात. स्वराज्याचा पराक्रम पाहण्यासाठी आपण गड चढतो. त्या पराक्रमामागचे गणगोत पाहावयाचे, तर फलटणास उतरावे.