लॅपटॉपला साधे सेल का चालत नाहीत?

नाशिकच्या एमजी रोडवर जुन्या लॅपटॉपची बॅटरी शोधायला गेलात की पहिला प्रश्न येतो, "मॉडेल नंबर काय?" घड्याळाचा सेल घेताना असं कुणी विचारत नाही. मग लॅपटॉपलाच का? यामागे इतिहास आहे, आणि त्याचा संबंध थेट आपल्या खिशाशी आहे.

१९८३ साली अमेरिकेत टीआरएस-८० मॉडेल १०० हा मांडीवर मावणारा कॉम्प्युटर आला. ४ पेन्सिल सेल टाकले की २० तासांच्या आसपास चालायचा. बातमीदारांचा तो लाडका, कारण सेल कुठेही मिळायचे. पुढे ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा केंब्रिज झेड-८८ सुद्धा ४ सेलवरच चालला.

मग रंगीत स्क्रीन आली, हार्ड डिस्क आली, विजेची भूक वाढली. हिशोब बघा. एका रिचार्जेबल पेन्सिल सेलमध्ये साधारण २.५ वॅट-तास. आजच्या साध्या लॅपटॉपला ४० ते ५० लागतात. म्हणजे १६ ते २० सेल! कोण घेऊन फिरणार?

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब असे ६ सेल आणि काम झालं. गंमत म्हणजे हे सेलही ठराविक मापाचेच होते. पण लिथियमला संरक्षक सर्किट लागतं, नाहीतर आगीचा धोका. त्यामुळे सुटे सेल न देता पेटी दिली, आणि पेटी प्रत्येक कंपनीने वेगळी केली. सर्किट ही गरज होती, पण वेगळी पेटी हा धंदा होता, असं माझं मत आहे. कारण ९० च्या दशकात ड्युरासेलने अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपला चालतील अशा एकाच मापाच्या बॅटऱ्या आणल्या होत्या. इंटेलसोबत केलेली बॅटरीची 'भाषा' टिकली, पण माप टिकलं नाही. पुढे लॅपटॉप बारीक झाले आणि बॅटरी आतच गेली.

दुसरा रस्ता आपल्या महाराष्ट्रानेच पाहिलाय. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत मुलांना 'एक्सओ' लॅपटॉप मिळाले. वीज अगदी कमी खाणारे, आणि बॅटरी हाताने काढता येणारी.

युरोपने २०२३ मध्ये कायदा केला: फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. आपल्याकडे २०२२ चे बॅटरी कचरा नियम आहेत, पण त्यांचा भर गोळा करण्यावर आणि पुनर्चक्रणावर. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने त्याच वर्षी समिती नेमली. चर्चा झाली, आता सक्ती हवी. पेठ-सुरगाण्याच्या पोराचा चांगला लॅपटॉप केवळ बॅटरीपायी भंगारात का जावा?

तोवर एवढं करा. नवीन घेताना विचारा, बॅटरी स्क्रूने बसवलीय की चिकटवलीय? आणि फुगलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.