कैफेंगच्या बारा वेशी आणि पचनाचा वैद्य

१) इ.स. १२३२ चा वसंत. उत्तर चीनमधील जिन साम्राज्याची राजधानी कैफेंग. मंगोल सेनापती सुबुताई याच्या फौजेचा पंधरवडाभर चाललेला हल्ला थांबला होता. तटबंदी टिकली, राजधानी वाचली. आणि वेढा उठल्यानंतर, शत्रूचा एकही बाण येत नसताना, शहरातील माणसे मरू लागली.

२) हा प्रसंग पाहिलेल्या एका वैद्याने पुढे लिहून ठेवले : शहराला बारा वेशी होत्या, प्रत्येक वेशीतून दररोज किमान १,००० आणि काही दिवशी २,००० प्रेते बाहेर जात, हे जवळजवळ तीन महिने चालले. जिन राजवंशाच्या अधिकृत इतिहासात ५० दिवसांत ९ लाखांहून अधिक मृत अशी नोंद आहे. ज्या गरिबांचे दफनही होऊ शकले नाही, ते या संख्येत धरलेले नाहीत.

३) मध्ययुगीन आकडे जपूनच वाचावे लागतात. तरीही दोन्ही नोंदी एकाच महाभयंकर संहाराकडे बोट दाखवतात. तो वैद्य म्हणजे ली गाओ, ऊर्फ ली दोंगयुआन (११८०–१२५१). जुनाट अपचन, वारंवार होणारे जुलाब, अन्नावरची वासना उडणे, जेवल्यावर येणारी ग्लानी अशा तक्रारी घेऊन आजही जो रुग्ण पारंपरिक चिनी वैद्याकडे जातो, त्याच्या उपचारावर बहुधा याच माणसाच्या विचारांची छाया असते. त्या विचारांमागे कैफेंगचे ते तीन महिने आहेत.

४) ली हे आजच्या हेबेई प्रांतातील झेंगदिंगच्या सधन घराण्यातले. त्यांच्या तरुणपणी आई आजारी पडली. घरात पैशाला तोटा नव्हता. एकामागून एक नामांकित वैद्य आले. प्रत्येकाचे निदान वेगळे, प्रत्येकाचे औषध वेगळे. आई गेली, आणि तिला नेमके काय झाले होते हे अखेरपर्यंत कोणालाच कळले नाही. या दुःखातून ली वैद्यकाकडे वळले.

५) त्यांनी गुरू केले ते झांग युआनसू यांना. गुरुदक्षिणा म्हणून हजार सुवर्णमुद्रा दिल्या, असे परंपरा सांगते. झांग यांचे मत त्या काळी धाडसाचे होते : काळ बदलतो, माणसांचे जगणे बदलते, म्हणून जुने योग नव्या रोगांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आधीच्या सोंग राजवटीने १०७६ मध्ये याच कैफेंगमध्ये सरकारी औषधालय काढले होते. त्याच्या तयार योगांचा संग्रह सर्वत्र प्रमाण मानला जाई, आणि लक्षण पाहून संग्रहातील योग देणे हीच वैद्यकी झाली होती.

६) ली धंदेवाईक वैद्य नव्हते. जियुआन येथे ते करवसुलीच्या पदावर असताना, १२०२ मध्ये, चेहरा आणि डोके सुजवणारी एक साथ आली. वैद्य रेचके देत होते. रुग्णाला क्षणभर बरे वाटे, दुसऱ्या दिवशी रोग जसाच्या तसा. ली यांनी नवा योग बांधला, आणि तो लाकडी फळ्यांवर कोरून गर्दीच्या ठिकाणी लावून घेतला, म्हणजे ज्याला हवा त्याने उतरवून न्यावा. ठरीव उपचाराने माणसे दगावतात, हा धडा त्यांना इथे पुन्हा मिळाला.

७) पुढे मंगोलांची आक्रमणे सुरू झाली. १२१४ मध्ये जिन सम्राटाने उत्तरेकडील राजधानी सोडून कैफेंग गाठले. पुढच्याच वर्षी ती जुनी राजधानी पडली. उत्तरेतून निर्वासितांचे लोंढे दक्षिणेकडे आले. ली यांनाही जन्मभूमी सोडावी लागली. १२३२ मध्ये वेढा पडला तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते.

८) वेढ्यानंतरच्या रोग्यांत ताप होता, अंगदुखी होती, अन्न जात नव्हते. चिनी वैद्यकात अशा तापासाठी एक सुप्रतिष्ठित चौकट होती : ‘शांगहान’, म्हणजे शीताचा आघात. इ.स. २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग यांनी तिचा पाया घातला. रोग बाहेरून आत शिरला आहे, तेव्हा त्याला घाम काढून किंवा रेच देऊन बाहेर घालवायचे, हे तिचे सूत्र. कैफेंगच्या वैद्यांनी तेच केले. रोगी आणखी खचले. कुणाच्या छातीत अवरोध झाला, कुणाला कावीळ झाली. त्यावर आणखी कडक औषधे दिली गेली आणि रोगी मेले.

९) ली यांनी एक साधा प्रश्न विचारला. एवढ्या सगळ्या माणसांना एकाच वेळी बाहेरचा शीत बाधला, हे संभवते काय? मग त्यांनी या माणसांचे मागचे काही महिने डोळ्यांसमोर आणले. अन्नाला वेळ नाही, पोटभर नाही; तटावर आणि रस्त्यांवर अहोरात्र राबणे; थंडी, भीती, जागरण. आणि वेढा उठताच दीर्घकाळ उपाशी असलेल्या पोटावर एकदम भरपेट जेवण.

१०) त्यांचा निष्कर्ष असा : या माणसांचे जठर वेढ्याच्या काळातच निकामी होत आले होते. रोग आतून उपजला होता, आणि ज्यांना उभे राहण्याचे बळ उरले नव्हते त्यांना घाम आणि रेच देऊन वैद्यांनी उरलेले बळही काढून घेतले. दोष औषधाचा होता, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. दोंगपिंग, ताइयुआन, फेंगशियांग या शहरांतही वेढ्यानंतर असेच मृत्यू झाल्याची नोंद त्यांनी केली. एका शहराचा अपवाद म्हणून हे सोडून देता येणार नव्हते.

११) मग बाहेरून आलेला रोग आणि आतून आलेला रोग ओळखायचा कसा? ली यांनी खुणा दिल्या. बाह्य रोगात हाताची पाठ तापते, आतल्या रोगात तळवा. बाह्य रोगात जेवावेसे वाटत नाही, पण तोंडाला चव असते. आतल्या रोगात अन्नाची चवच जाते. बाह्य रोगात आवाज जड पण जोरकस असतो. आतल्या रोगात रोग्याला बोलायचाही कंटाळा येतो. रोग्याच्या अंथरुणाशी बसून, निरखून पाहणाऱ्याच्या या नोंदी आहेत.

१२) या निरीक्षणांतून सिद्धान्त उभा राहिला. चिनी वैद्यकात ‘वेई’ म्हणजे जठर आणि ‘पी’ म्हणजे प्लीहा. मात्र ही ‘पी’ म्हणजे शरीरशास्त्रातील पाणथरी नव्हे. अन्नाचे पोषक सारात रूपांतर करून ते शरीरभर वर पोहोचवणारी एक कार्यशक्ती असा तिचा अर्थ. ही शक्ती खचली की सार वर चढत नाही, खाली ओसरते : जुलाब, ग्लानी, धाप, मंद ज्वर. ली यांच्या मते बहुतेक जुनाट रोगांचे मूळ इथेच असते.

१३) मराठी वाचकाला इथे आयुर्वेदातील अग्नी आठवल्यावाचून राहणार नाही. चरकसंहितेतील ग्रहणीचिकित्सेचा अध्यायही जुनाट पचनविकारांचा विचार जठराग्नीच्या आधारे करतो. दोन परंपरा एकच नाहीत. चिनी चौकट ‘ची’ आणि पंचतत्त्वांची, भारतीय चौकट दोष आणि अग्नीची. पण जुनाट पोटदुखण्यात विकार हाकलण्याआधी पचवणारी शक्ती सावरावी, हा विवेक दोन्हींकडे आहे.

१४) ली यांचा सर्वांत प्रसिद्ध योग ‘बुझोंग यीची तांग’, म्हणजे मध्याला भरून काढून ‘ची’ वाढवणारा काढा. त्यात आठ द्रव्ये : अ‍ॅस्ट्रागॅलसचे मूळ, जिनसेंग, बाइझू, भाजलेले ज्येष्ठमध, दांगग्वेई, संत्रवर्गीय फळाची वाळवलेली साल, आणि सार वर उचलण्यासाठी शेंगमा व चाइहू. मात्रा अगदी थोडी. खचलेल्या माणसावर औषधाचाही भार टाकू नये, ही त्यामागची दृष्टी.

१५) हा विषय त्यांच्यासाठी केवळ ग्रंथातला नव्हता. आपले पचन फार काळ दुबळे असल्याचे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. १२४३ च्या उन्हाळ्यात महिनाभराहून अधिक पाऊस लागून राहिला. जुलाबाची साथ पसरली आणि ६३ वर्षांचे ली स्वतः आजारी पडले : अंग जड, सांधे दुखरे, जुलाब, लघवी तुंबलेली. ग्रंथोक्त उपाय लघवीवाटे ओलावा काढण्याचा. ली यांनी विचार केला की आधीच खाली ओसरणाऱ्या शक्तीला आणखी खाली ओढणे चूक ठरेल. त्यांनी वर उचलणारी द्रव्ये घेतली आणि बरे झाले.

१६) १२३३ मध्ये कैफेंग पडले, १२३४ मध्ये जिन साम्राज्य संपले. ली शानदोंगमध्ये भटकत राहिले. कवी युआन हाओवेन यांचा स्नेह या काळातला. १२४४ मध्ये ते गावी परतले. वेढ्याच्या अनुभवावर लिहिलेला ग्रंथ सोळा वर्षे तसाच पडून होता; तो १२४७ मध्ये पुरा झाला. १२४९ मध्ये ‘पीवेई लुन’, म्हणजे ‘प्लीहा आणि जठर यांवरील प्रबंध’, आला. त्याची प्रस्तावना युआन हाओवेन यांनी लिहिली.

१७) उतारवयात त्यांच्याकडे लुओ तिआनयी नावाचा शिष्य आला. पैसा मिळवण्यासाठी शिकायचे आहे की विद्या पुढे नेण्यासाठी, असे ली यांनी त्याला विचारल्याचे सांगतात. विद्या पुढे नेण्यासाठी, हे उत्तर ऐकून त्यांनी त्याच्या जेवणाखाण्याचा भार स्वतः उचलला. १२५१ मध्ये मृत्यू जवळ आला तेव्हा आयुष्यभराचे लेखन त्याच्यासमोर मांडून त्यांनी ते त्याच्या स्वाधीन केले. पुढे जिन-युआन काळातील चार थोर वैद्यांत ली यांची गणना झाली.

१८) पण कैफेंगविषयी ली यांचे निदान बरोबर होते काय? काही आधुनिक इतिहासकारांनी ती साथ प्लेगची असावी अशी शक्यता मांडली आहे. तसे असेल, तर रोग बाहेरूनच आला होता. दुसरीकडे, दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपेट खाल्ल्याने मृत्यू ओढवू शकतो, हे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अनुभवातून आधुनिक वैद्यकानेही ओळखले. कदाचित दोन्ही कारणे एकत्र आली असतील. उपाशी शहरात कोणतीही साथ अधिक बळी घेते.

१९) आजच्या कसोटीवरही चित्र असेच संमिश्र आहे. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात आयबीएस, म्हणजे जुनाट क्षोभी आतड्याच्या विकाराच्या ११६ रुग्णांवर चाचणी झाली. ठरीव चिनी मिश्रण आणि प्रत्येक रुग्णानुसार बांधलेले मिश्रण, दोन्हींनी बनावट औषधापेक्षा अधिक आराम पडला. उपचार थांबल्यावर १४ आठवड्यांनी तो टिकला फक्त दुसऱ्या गटात. २००६ मध्ये हाँगकाँगमध्ये ११९ रुग्णांना एकच ठरीव मिश्रण दिले गेले. ते बनावट औषधापेक्षा सरस ठरले नाही.

२०) वनौषधी म्हणजे निरुपद्रवी, हाही भ्रम नको. १९९० च्या दशकारंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या चिनी मिश्रणात एका वनस्पतीऐवजी विषारी अ‍ॅरिस्टोलोकिया मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. शौचावाटे रक्त, घटते वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल, तर आधी रुग्णालयातील तपासणी हवी. हाताचा तळवा कर्करोग ओळखत नाही.

२१) ली यांचे योग चुकू शकतात, कदाचित १२३२ चे त्यांचे निदानही चुकले असेल. त्यांचा प्रश्न मात्र जुना झालेला नाही. समोर आलेल्या माणसाला कोणता रोग झाला आहे, एवढे विचारून त्यांना पुरेसे वाटले नाही. हा माणूस गेले तीन महिने काय खात होता, किती राबत होता, कशाच्या भीतीखाली झोपत होता, हेही त्यांना जाणून घ्यायचे होते. कैफेंगच्या बारा वेशींतून रोज बाहेर जाणाऱ्या हजारो माणसांना हे विचारणारे फारसे कोणी भेटले नव्हते.