आधी तू जा, मग बघू

हा एपिसोड तीन आठवडे उशिरा येतोय, कारण घरात वाद चालू आहे. माझ्या कंपनीने पुण्याच्या ऑफिसला परत बोलावलंय. प्राची इथे चिपळूणला शाळेत शिकवते, पर्मनंट आहे. मी म्हणतो दोघं जाऊ. ती म्हणते, "आधी तू जा, मग बघू." हे वाक्य आमच्या कोकणात फार जुनं आहे. ते शोधत मी थेट गिरणीत पोचलो.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे रत्नागिरीच्या वाड्यावाड्यांतून माणसं लालबाग-परळला गेली. पण गेला तो बहुतेक पुरुषच, लग्न झालेलं असलं तरी. का? गरिबी, असं आपण पटकन म्हणतो. पण गरिबीच असती तर दोघंही गेले असते ना?

नवा माणूस बदली कामगार म्हणून लागायचा. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी खाडा केला तर काम, नाहीतर परत खोलीवर. महिन्यात किती दिवस भरतील याचा भरवसा नाही. त्यात बिऱ्हाड कसं करणार? म्हणून एका खोलीत एकाच गावचे वीस-वीस जण, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे आणि खाणावळीत जेवायचे. इकडे बायको भात लावणार, नाचणी काढणार, सासूसासऱ्यांचं बघणार. त्यामुळे मालकाने एकट्या माणसापुरता पगार दिला तरी भागायचं. माझ्या भाषेत सांगतो, बॅकअप सर्व्हर गावात होता आणि त्याचं बिल गिरणी भरत नव्हती.

हे जनगणनेतही दिसतं. अगदी २०११ मध्येसुद्धा रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका होत्या.

माझे आजोबा साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कितीतरी चाकरमानी गावी आले, त्यात आजोबाही. तेव्हा घर चाललं ते आजीने पिकवलेल्या भातावर. आजी म्हणते, "हे सुट्टीवर यायचे तसेच आले. फक्त परत गेले नाहीत."

तिला विचारलं, तुला जावंसं नाही वाटलं कधी? म्हणाली, एकदा गेले होते. गावकऱ्यांच्या खोलीत बायकांना राहता येत नव्हतं, म्हणून नात्यातल्या एकांकडे पंधरा दिवस राहिली. राणीची बाग बघितली. लावणीला परत. सव्वीस वर्षांच्या संसारात मुंबईतले एवढेच दिवस! आजोबांच्या गिरणीच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकतोय, ही मात्र परवा पहिल्यांदा ऐकली. कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

प्राची शेजारीच बसली होती. आजी तिला म्हणाली, "तुझा पगार तुझ्या खात्यात येतो ना? मग तू यांच्यासारखी घाई करू नको. आणि माझ्यासारखी वाटही बघू नको."

त्या रात्री आम्ही पुण्याच्या आसपासच्या शाळांच्या जाहिराती बघितल्या. चिपळूणहून शनिवार-रविवार ये-जा करायचा हिशोबही मांडला. तो अजून जमलेला नाही. कंपनीला सोमवारी उत्तर द्यायचंय.