पाळीचा कागद



कामगार चळवळीचा इतिहास सांगताना आपण बहुधा एकच आकडा पुढे करतो. चौदा तासांचे बारा झाले, बाराचे दहा झाले आणि दहाचे आठ झाले. हा हिशेब खोटा नाही, पण तो अपुरा आहे. किती तास राबायचे हा एक प्रश्न. आणि ते तास नेमके कोणते, हे कामगाराला आधी ठाऊक असणार की नाही, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर व्याख्याने पुष्कळ झाली. आज मी दुसऱ्याविषयी बोलणार आहे. माझे म्हणणे एवढेच की, दुसरा प्रश्न सुटल्यावाचून पहिला कधीच सुटलेला नाही.

आपले कारखान्यांचे कायदे इंग्लंडातील कायद्यांच्या वळणावर झाले, म्हणून सुरुवात तिकडूनच करू. १८४४ च्या तिकडच्या कायद्यात दोन साध्या गोष्टी होत्या. कामाच्या वेळा लिहून गिरणीत सर्वांना दिसतील अशा टांगाव्यात. आणि गिरणीचे घड्याळ एखाद्या सार्वजनिक घड्याळाशी जुळते असावे. मालकाच्या खिशातील घड्याळ सकाळी पुढे आणि संध्याकाळी मागे जात असे, हे अनुभवाने कळले होते, म्हणून ही तरतूद. पुढे १८४७ मध्ये स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार यांच्यासाठी दहा तासांचा कायदा झाला. त्यावर काही गिरणीवाल्यांनी तोड काढली. कामगारांच्या टोळ्या करायच्या. एकीला आत घ्यायचे, दुसरीला बाहेर काढायचे, तासाभराने तिलाच दुसऱ्या खात्यात पुन्हा आत घ्यायचे. कागदावर प्रत्येकाचे दहाच तास. पण माणूस मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत गिरणीच्या दाराशी बांधलेला. कोण केव्हा आत गेला आणि केव्हा बाहेर आला, याचा तपास निरीक्षकाला करताच येईना. १८५० मध्ये न्यायालयानेही ही पद्धत कायद्यात बसते असा निवाडा दिला. तेव्हा त्याच वर्षी पार्लमेंटला नवा कायदा करावा लागला. त्याने दिवसाची चौकटच ठरवून टाकली : सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, किंवा सात ते सात, मधे जेवणाची दीड तास सुटी, आणि शनिवारी दुपारी दोनला काम बंद. या सौद्यात रोजच्या कामात अर्धा तास वाढला, हे खरे. तथापि दिवसाला आरंभ आणि शेवट मिळाला, आणि कायदा तपासता येऊ लागला.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ पासून ती गिरणी चालू झाली. त्या काळी गिरणीचा दिवस म्हणजे सूर्याचा दिवस. उजाडले की साचे सुरू, अंधारले की बंद. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्यांच्या खटपटीनंतर १८८१ मध्ये पहिला कायदा झाला. पण तो मुख्यतः मुलांपुरता : सात वर्षांखालील मूल कामाला घेऊ नये, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला नऊ तासांहून अधिक राबवू नये. मोठ्या माणसाच्या तासांविषयी त्यात अक्षर नव्हते.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. त्या निवेदनातील मागण्या नीट पाहा. आठवड्यातून रविवारची सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. जखमी कामगाराला पोटापुरते मिळावे. यांत अमुक इतकेच तास, अशी मागणी नाही. केव्हा सुरू, केव्हा थांबायचे, मधे केव्हा बसायचे, कोणता वार आपला, आणि पगार कोणत्या तारखेच्या आत, हे मागितले आहे. म्हणजे शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या माणसांनी मागितले ते वेळापत्रक! एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांवर शिक्कामोर्तब केले. आज जो माणूस रविवारी सहकुटुंब बाहेर पडतो, त्याने लोखंड्यांचे नाव एकदा तरी घ्यावे.

पण एवढ्यात गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादा नाहीशी झाली. १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी आली, तेव्हा मुंबईच्या काही गिरण्या चौदा-चौदा तास चालत होत्या. अशातच १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ सुरू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेहून सुमारे ३९ मिनिटांनी पुढे होती. भोंगा त्याच आकड्याला वाजणार, पण कामगाराला तेवढे लवकर अंथरूण सोडावे लागणार. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी या बदलाला उघड विरोध केला. शहाण्या लोकांना तो अडाणीपणा वाटला असेल. वस्तुतः दिवसाचा आरंभ कोणी ठरवायचा, हाच त्यातला प्रश्न होता.

१९०७-०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनमध्ये बहुमत प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालायला तयार नव्हते. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी एकट्याने भिन्नमत नोंदविले आणि बारा तासांची मर्यादा मागितली. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांपुरती तीच स्वीकारली. शिवाय मंजूर पाळ्या सोडल्या तर पहाटे साडेपाचच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर गिरणी चालू नये, असेही ठरविले. पुढे १९२० च्या संपाने मुंबईला दहा तासांचा दिवस मिळाला. १९२२ च्या कायद्याने देशभर अकरा तासांचा दिवस आणि साठ तासांचा आठवडा आला. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत दहा आणि चोपन्न.

तास उतरू लागले तशा पाळ्या वाढल्या. यात मालकाचे सगळेच चुकले, असे मी म्हणणार नाही. यंत्रात घातलेले भांडवल रात्री झोपून राहावे, असे कोणाला वाटेल? शिवाय रेल्वे, इस्पितळ, वीजघर यांना रात्रपाळी चुकत नाही. प्रश्न पाळीचा नव्हे. पाळी कशी आखली, हा आहे. कलकत्त्याच्या आसपासच्या तागाच्या गिरण्यांत एकीत एक गुंतलेल्या पाळ्या चालत. तिथे इंग्लंडातील जुनाच प्रकार झाला : कोणता कामगार कोणत्या पाळीचा, हे निरीक्षकाला उमजेना. आणि मुंबईत? गिरणगावात पाळीने घरेसुद्धा आखली. एका खोलीत दिवसपाळीवाल्याच्या वळकटीची जागा रात्रपाळीवाला घेई. खानावळवालीची चूल भोंग्याबरोबर पेटे. रात्री काम करण्यास स्त्रियांना कायद्याने मनाई होती. ती त्यांच्या भल्यासाठी, असे सांगत. पण रात्रपाळ्या वाढल्या तसा गिरणीत स्त्रियांचा हिस्सा घटत गेला, आणि त्याच्या कारणांत ही मनाई एक होती.

या सगळ्यांत ज्याला पाळीच नव्हती, तो बदलीवाला. तो पहाटे गिरणीच्या दाराशी उभा राही. कोणाचा खाडा पडला की जॉबर बोट दाखवी, आणि ज्याच्याकडे ते बोट वळे त्याला त्या दिवसाची भाकरी. बोट आपल्याकडे वळावे म्हणून जॉबरला काय काय द्यावे लागे, ते जुन्या गिरणगावात सर्वांना ठाऊक होते. १९३५ मध्ये मालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्ड देण्याची योजना काढली, तेव्हा जॉबरचा हात थोडा आखडला. पण वाट पाहण्याचा पगार कोणी दिला नाही. माझ्या मते बदलीवाल्याचे खरे दारिद्र्य पैशाइतकेच वेळेचेही होते. उद्या काम आहे की नाही हे ज्याला माहीत नाही, तो दुसरीकडे कबूल होऊ शकत नाही, मुलाला दवाखान्यात केव्हा न्यावे हे ठरवू शकत नाही, आणि युनियनच्या सभेला येतो असेही सांगू शकत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा झाला. आठवड्याला ४८ आणि दिवसाला नऊ तास, हे पुष्कळांना पाठ असते. मला त्यातील दुसरी कलमे अधिक मोलाची वाटतात. पाच तासांहून अधिक सलग काम नको. विश्रांती धरून सगळा पसारा साडेदहा तासांत आटोपावा. एकाच प्रकारच्या कामावर पाळ्या एकमेकींत गुंतवू नयेत. जादा कामाला दुप्पट दर. आणि कामाच्या वेळांचा कागद कारखान्यात लावावा. त्यावर लिहिलेल्या वेळेबाहेर कोणाला कामाला लावू नये. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पाळीपद्धत बदलायची तर एकवीस दिवसांची नोटीस घातली. शंभर वर्षांच्या चुकवाचुकवीला हे उत्तर होते. मी कायदा कॉलेजात शिकलो नाही. तो अशाच फलकापुढे उभा राहून अक्षर अक्षर लावीत वाचला. म्हणून सांगतो, त्या कागदाइतके स्वस्त हत्यार कामगाराला दुसरे मिळालेले नाही. त्याच्यावर बोट ठेवून साधा हेल्परही साहेबाला विचारू शकतो की, माझी सुटायची वेळ झाली, मग मी इथे का?

आता आजचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितांनी या जुन्या कायद्यांची जागा घेतली आहे. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास मात्र कायम ठेवले. आठवड्याची बेरीज तीच, मग बिघडले काय, असे विचारतात. बिघडते ते हेच, की बेरीज तीच ठेवून दिवस लांबविता येतो. बारा तास ही १९११ ची मर्यादा होती.

आणि कागदही आता भिंतीवर राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांत एका मोठ्या गोदामातील मुले-मुली माझ्याकडे येतात. उद्याची पाळी त्यांना रात्री दहानंतर मोबाईलवर कळते. कधी सकाळची, कधी दुपारची, आणि काम कमी असेल तर काहीच नाही. त्यांतील एका मुलीने मुक्त विद्यापीठात नाव घातले होते. परीक्षेच्या दिवशी पाळी लागली आणि ती परीक्षेला बसू शकली नाही. तिचे तास कोणत्याही कायद्याबाहेर गेलेले नव्हते. पण जॉबरचे बोट आणि मोबाईलवरचा तो संदेश, यांत मला तरी फरक दिसत नाही.

मालकवर्गातील जी मंडळी इथे बसली आहेत, त्यांना माझे सांगणे असे : पाळ्या आखणे हे तुमचे काम आहे, ते तुम्ही करा. पण आखणी निदान दोन आठवडे आधी लावा. रात्रपाळी सर्वांवर सारखी फिरू द्या. दोन पाळ्यांच्या मधे झोपेएवढी फट ठेवा. दोघे आपसांत पाळी बदलू म्हणाले तर बदलू द्या. आणि ऐनवेळी बदल तुम्ही केलात, तर त्याची भरपाई तुम्ही द्या. आणि माझ्या कामगार बंधुभगिनींनो, पुढच्या करारात पगाराच्या आकड्याखाली आणखी एक ओळ लिहून घ्या : पाळीचा कागद केव्हा लागणार? १८८४ सालच्या त्या माणसांनी हे न विसरता मागितले होते. आपण विसरून चालणार नाही.