मत्स्यालयातील माशांची कणाविकृती
टाकीत पाळलेल्या माशाचा पाठीचा कणा बाजूस अथवा वरखाली वाकण्याची विकृती. ॲरनसन यांनी १९२६ मध्ये फिलाडेल्फिया मत्स्यालयातील सागरी माशांत क्षयकारक सूक्ष्मजंतू ओळखला. जुनाट क्षयातही कणा वाकतो. हॅल्व्हर व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखविले की, क जीवनसत्त्वाअभावी ट्राउट व सामन यांचे कणे वाकतात, कारण कोलॅजेन नीट बनत नाही. साठविलेल्या खाद्यातून हे जीवनसत्त्व लवकर नष्ट होते. रत्नागिरीस १९५८ मध्ये सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र व १९८१ मध्ये मत्स्य महाविद्यालय स्थापन झाले. केंद्राच्या मत्स्यालयात काय किंवा घरच्या टाकीत काय, मासा घातलेल्या खाद्यावरच जगतो आणि एकदा वाकलेला कणा सहसा सरळ होत नाही. बलून मोलीत तर आखूड, वाकडा कणा केवळ शोभेसाठी मुद्दाम जोपासलेला आहे. ही हौस क्रूरच म्हणावी लागेल.