जुन्या घराला नवी खोली जोडताना…

पुण्यातील जुन्या सहकारी गृहरचना संस्थांमध्ये बंगल्याच्या मागील अंगणात एखादी खोली वाढविण्याचा विचार पिढीगणिक एकदा तरी होतोच. फरशी, खिडक्या, रंग यांवर घरात महिनोन्‌महिने खल होतो. नवे जोते जुन्याला जमिनीखाली कसे भेटणार, हा प्रश्न मात्र गवंड्यावर सोपविला जातो. पुढे तडे पडतात ते बहुधा याच सांध्यावर.

जुनी इमारत आपल्या भाराने खचायची तेवढी बरीचशी सुरुवातीच्या वर्षांतच खचलेली असते. नव्या खोलीचे खचणे अद्याप व्हायचे असते. जमीन काळ्या मातीची असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दोन्ही भाग वेगवेगळ्या प्रमाणात हलतात. अशा वेळी ते सळयांनी जखडले, तर जो दुबळा तो फुटतो. आणि भारवाहक भिंतींच्या जुन्या घरात दुबळी असते ती विटांची भिंतच. म्हणूनच सांधा जितका घट्ट तितका उत्तम, ही समजूत येथे महागात पडते. दोन्ही पाये पक्क्या मुरुमावर अथवा खडकावर असतील, तरच सळया बसविण्याचा विचार करावा, तोही अभियंत्याच्या आराखड्यानुसार. १२ मिलिमीटरच्या सळईसाठी साधारण १६ मिलिमीटरचे भोक घेतात. ते हवेच्या झोताने स्वच्छ केले नाही, तर महागडे इपॉक्सीही धुळीलाच चिकटते.

खरी जोखीम खोदाईत आहे. जुन्या पायाची खोली कागदावर क्वचितच सापडते; त्यासाठी भिंतीलगत एक लहान चाचणी खड्डा घेणे हाच खात्रीचा मार्ग. नवा चर जुन्या पायाच्या तळाखाली गेला, तर भिंतीखालची माती चराकडे सरकू शकते. त्यात वळिवाचा एखादा जोरदार पाऊस आला, तर घर रिकामे करण्याची वेळ येते. आयएस १९०४ या भारतीय मानकानुसार रेताड जमिनीत लगतच्या दोन पायांच्या खालच्या कडांना जोडणारी रेषा एकास दोन या उतारापेक्षा तीव्र असू नये. म्हणजे नवा पाया ६० सेंटिमीटर अधिक खोल न्यायचा, तर तो किमान १.२ मीटर दूर हवा. मधले अंतर जोत्याची तुळई पुढे झुलती काढून भरता येते. जागेअभावी लगतच खोदणे भाग असेल, तर जुन्या पायाला खालून आधार देत, सुमारे एकेक मीटरचे टप्पे एकाआड एक घ्यावे लागतात. संपूर्ण चर एकाच दिवशी उघडणारा ठेकेदार वेळ वाचवीत नसतो, भिंत पणाला लावीत असतो. याउलट नवा पाया उथळ ठेवला, तर तो जुन्या चराच्या भरावावर बसतो आणि भराव दबतो.

जमिनीवरच्या पातळीचे दुखणे निराळे. वर्षानुवर्षे डांबराचे थर चढून रस्ते उंचावले आणि जुनी जोती खुजी झाली. साहजिकच नवी खोली उंच घेतली जाते. मात्र तिच्या फरशीखालचा भराव जुन्या भिंतीतील ओलरोधक थराच्या वर गेला, की ओल त्या थराला वळसा घालून आतल्या खोलीत उतरते. भराव टाकण्यापूर्वीच त्या भिंतीला उभा जलरोधक थर द्यावा. दारातला फरकही स्पष्ट हवा : चार-पाच सेंटिमीटरचा उंचवटा वृद्धांना दिसत नाही, १५ सेंटिमीटरची पायरी दिसते.

एरवी पायापासून छतापर्यंत सुमारे २५ मिलिमीटरची फट सलग मोकळी ठेवावी. ती लवचीक द्रव्याने भरून फरशीवर व भिंतीवर अॅल्युमिनियमची पट्टी एकाच बाजूला ठोकावी. दोन्ही बाजूंना ठोकली, तर ती पट्टीच उखडते. छतावर फटीच्या दोन्ही कडांना उभे कठडे आणि त्यांवर पत्र्याचे झाकण हवे. ते राहिले, तर पहिल्याच पावसात पाणी नव्या-जुन्या दोन्ही भिंतींत शिरते.