मटण, खाणावळ आणि पंक्ती : महाराष्ट्रातील बाहेरच्या जेवणाचा सामाजिक इतिहास

बीजसंज्ञा : मटण, बोल्हाई, मुलाणी, खाणावळ, सहभोजन, रोटीबंदी

प्रस्तावना

अन्न ही मानवाची मूलभूत गरज असली तरी कोणते अन्न खावे, कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या शेजारी बसून खावे हे प्रत्येक समाजाने आपापल्या इतिहासातून ठरविलेले असते. मराठीत सामाजिक संबंधांसाठी ‘रोटी-बेटी व्यवहार’ असा जोडशब्द रूढ आहे. भाकरीची देवाणघेवाण आणि विवाहसंबंध या दोन गोष्टी भाषेने एकाच दोरीत गुंफल्या आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातील खाद्यसंस्कृतीचा अभ्यास केवळ पाककृतींचा अभ्यास राहत नाही; तो जातिव्यवस्थेच्या आणि तिच्याविरुद्धच्या संघर्षाचाही अभ्यास ठरतो.

प्रस्तुत लेखात शेळी-मेंढीचे मांस आणि घराबाहेरचे जेवण या दोन गोष्टींचा एकत्रित विचार केला आहे. मेंढीच्या मांसाविषयीच्या आवडीनिवडी कशा घडल्या, त्यांचा धार्मिक श्रद्धांशी व अर्थकारणाशी काय संबंध होता आणि खाणावळ व उपाहारगृह या संस्थांनी पंक्तीची जुनी बंधने कितपत सैल केली, हे पाहणे हा लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तुलनेसाठी इंग्लंडचे उदाहरण घेतले आहे.

१. एक शब्द, दोन प्राणी

‘मटण’ हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला आणि इंग्रजीत तो मेंढी या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. इंग्रजीत त्याचा अर्थ प्रौढ मेंढीचे मांस असा आहे. साधारण एक वर्षाच्या आतील कोकराच्या मांसाला तेथे ‘लँब’ हे वेगळे नाव आहे. महाराष्ट्रात मात्र मटण म्हणजे सर्वसाधारणपणे बोकडाचे मांस. शब्द इंग्रजांचा घेतला, पण त्यातील प्राणी आपल्या समाजाने बदलला. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तेथील बाजारात मटण म्हणून अनेकदा लँबच घ्यावे लागते.

या फरकामागे अर्थकारण आहे. दख्खनच्या कोरड्या पठारावर धनगर समाजाने पाळलेली मेंढी परंपरेने लोकर आणि खत यांसाठी महत्त्वाची होती. लोकरीपासून घोंगडी विणली जात. पिके निघाल्यावर शेतकरी आपल्या रानात मेंढ्यांचा कळप बसवीत आणि त्या खताच्या मोबदल्यात धनगराला धान्य देत. जो प्राणी वर्षानुवर्षे लोकर व खत देतो, त्याचे कोवळे कोकरू कापणे परवडणारे नव्हते. शेळी मात्र घरोघरी दोन-चार पाळता येत होती आणि तिच्या पोटी आलेला बोकड विकण्यासाठी अथवा देवाला देण्यासाठीच वाढविला जाई.

इंग्लंडमध्ये याच्या उलट घडले. तेथेही पूर्वी लोकरीसाठी पाळलेल्या प्रौढ मेंढीचे मांसच प्रामुख्याने खाल्ले जाई. १८८२ मध्ये ‘डनेडिन’ हे जहाज न्यूझीलंडहून गोठविलेले मांस घेऊन लंडनला सुखरूप पोहोचले. त्यानंतर वाढलेल्या शीतसाठवणुकीच्या व्यापाराने स्वस्त मांस शहरी ग्राहकाच्या आवाक्यात आले. विसाव्या शतकात तेथील ताटातून प्रौढ मेंढी हळूहळू मागे पडली आणि कोकराने तिची जागा घेतली. उपवासकाळानंतर येणाऱ्या ईस्टरच्या सणाशीही कोकराच्या मांसाचा संबंध आहे. तेथे अखंड मांडी भाजून जेवणाच्या टेबलावर तिचे काप काढतात. आपल्याकडे हाडासकट लहान तुकडे करून ते रश्श्यात पुरते शिजवितात. अखंड भाजलेल्या मांडीला मोठी भट्टी आणि भरपूर मांस लागते; रश्श्यात थोडे मांसही मोठ्या कुटुंबाला पुरते.

तथापि महाराष्ट्रात मेंढीचे मांस खाल्लेच जात नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. पुणे जिल्ह्याच्या हवेली तालुक्यातील वाडेबोल्हाई येथील बोल्हाईदेवीला मानणारी अनेक कुटुंबे बोकडाचे मांस वर्ज्य मानतात आणि केवळ मेंढीचेच मांस खातात. या भागात ‘बोल्हाईचे मटण’ म्हणजे मेंढीचे मटण, हा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाही. पुणे आणि परिसरातील मटणाच्या दुकानांवर व हॉटेलांच्या फलकांवर हे शब्द मुद्दाम लिहिलेले असतात. एका कुलाचाराने बाजारपेठेला स्वतंत्र नाव व स्वतंत्र फलक द्यायला लावावा, याचे हे बोलके उदाहरण होय. देवीचा हा नियम जेवणाऱ्याबरोबर घराबाहेरही जातो, म्हणून हॉटेलमालकालाही त्याची दखल घ्यावी लागते.

२. वाटा, जत्रा आणि मुलाणी

ग्रामीण महाराष्ट्रात मटण हे रोजचे अन्न नव्हते. जत्रा, नवस, लग्नानंतरचे जागरण-गोंधळ, पाहुण्यांचे आगमन किंवा श्रावणापूर्वीची आषाढ अमावस्या अशा प्रसंगांशी ते जोडलेले होते. श्रावण, एकादशी, चतुर्थी, घरच्या देवाचा वार यांमुळे मांसाहारी घरांतही वर्षातील बरेच दिवस मांस वर्ज्य असे. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी तर ते कायमचेच सोडतो. म्हणून शाकाहार आणि मांसाहार यांची सीमा केवळ जातींमधून जात नाही. ती एकाच घरातून, कधी एकाच माणसाच्या आयुष्यातूनही जाते.

गावात बोकड कापला की त्याचे ‘वाटे’ घालत. मांस, कलेजी, वजडी यांचा प्रत्येक ढिगात थोडाथोडा अंश येईल अशी विभागणी केली जाई. वाट्यांची ही पद्धत समतेची वाटते, परंतु वाटा घरी नेऊन शिजविला जाई आणि प्रत्येक घरची चूल निराळी असे.

येथे बलुतेदारीतील मुलाणी या घटकाची भूमिका लक्षात घेण्यासारखी आहे. गावचा मुलाणी हा मुसलमान बलुतेदार. बोकड अथवा मेंढा हलाल करणे हे त्याचे काम आणि त्याबद्दल त्याला गावाकडून हक्क मिळत. त्याने कापलेले मांस गावातील मांसाहारी हिंदू कुटुंबे निःसंकोचपणे खात. पीराच्या कंदुरीलाही हिंदू भाविक बोकड देत. म्हणजे कच्चे मांस धर्माची सीमा सहज ओलांडत होते. अडचण सुरू होई ती चुलीपाशी. त्याच मांसाला अग्नी, पाणी आणि मीठ लागले, शेजारी भाकरी आली, की ‘कोणी शिजविले’ हा प्रश्न उभा राही. कापणाऱ्याचा धर्म चालत होता, पण शिजविणाऱ्याची जात आड येत होती. महाराष्ट्रातील बाहेरच्या जेवणाचा इतिहास समजून घेण्याची किल्ली या भेदात आहे.

३. गिरणी, गाळा आणि खाणावळ

घराबाहेर नियमित जेवण्याची गरज मोठ्या प्रमाणावर निर्माण केली ती औद्योगिक शहराने. १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली आणि पुढील दशकांत रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून हजारो पुरुष एकटेच गिरणगावात आले. एका गाळ्यात अनेकजण राहत आणि महिन्याच्या ठरावीक रकमेवर खाणावळीत जेवत. या खाणावळी बहुधा स्त्रिया आपल्या राहत्या खोलीतच चालवीत. जेवणारे बव्हंशी एकाच पंचक्रोशीतील असत. त्यामुळे खाणावळ घराबाहेर असली तरी तिची चव गावाची आणि बहुतेक वेळा जातही गावाचीच राहिली.

या व्यवस्थेत स्त्री रांधणारी होती, जेवायला येणारी नव्हती. खाणावळ चालविणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाला संघटित रूप मिळण्यास १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव मोडले आणि खाणावळींचा आधारही तुटला. नागपुरातील सावजी भोजनालयांची परंपरा हलबा कोष्टी या विणकर समाजाशी निगडित आहे. एका कारागीर समाजाच्या घरातील झणझणीत मटण शहराच्या ताटात आले आणि समाजाचे नावच चवीचे नाव बनले. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा, सुके आणि अळणी, किंवा मालवणची वडे-सागोती यांची आजची ओळखही मोठ्या प्रमाणात हॉटेलांनी घडविली आहे.

इराणी हॉटेलांचे स्थान यात वेगळे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबई-पुण्यात आलेल्या इराणी चालकांना हिंदू समाजातील जातींची उतरंड लागू नव्हती. त्यांच्या संगमरवरी टेबलावर चहा-ब्रुन आणि खिमा-पाव घेणाऱ्याला जात विचारली जात नसे. पडदा लावलेल्या ‘फॅमिली रूम’मुळे स्त्रियांनाही तेथे बसणे शक्य झाले. पैसे देणारा तो ग्राहक, एवढी साधी ओळख या हॉटेलांनी रुजविली.

४. चहाच्या पेल्यापासून पंक्तीपर्यंत

रोटीबंदी मोडण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात ज्या क्रमाने झाले तो क्रम अर्थपूर्ण आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद परजातीयाच्या हातचा पाव खाऊन जातिबंधन झुगारीत. परंतु हे सारे गुप्तपणे चाले आणि सभासदांची नावे बाहेर फुटताच सभा विस्कटली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्या. रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. उपस्थितांची नावे प्रसिद्ध होताच प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अनेकांना प्रायश्चित्ताचा प्रश्न सोडवावा लागला. पाव, बिस्कीट, चहा हे पदार्थ पूर्ण जेवणाच्या अलीकडचे असूनही त्यांच्यावरून एवढे वादळ उठले.

राजर्षी शाहू छत्रपतींनी हा प्रश्न रस्त्यावर आणला. गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गृहस्थांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथे थांबून सर्वांदेखत चहा घेतला. राजाच्या बरोबरच्या मंडळींनाही मग नकार देता येईना. येथे अस्पृश्य मानलेला माणूस मालक होता आणि राजा गिऱ्हाईक. ज्या काळी हॉटेलात प्रवेश मिळविणे हाच अस्पृश्यांपुढील प्रश्न होता, त्या काळी शाहूंनी तो उलटा करून दाखविला.

शिक्षणक्षेत्रात हेच कार्य कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केले. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची जुनी पद्धत ब्राह्मण मुलांपुरती होती. शाहूंच्या काळातील कोल्हापूरची वसतिगृहे बहुतांशी जातनिहाय होती. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये मात्र सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू, रांधू आणि जेवू लागली. आजच्या महाविद्यालयीन वसतिगृहाची भोजनशाळा या परंपरेची वारस आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात संमत झालेल्या सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा इत्यादी अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे सुचविले. खाजगी मालकीची हॉटेले त्याच्या कक्षेबाहेर राहिली. १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या समाज समता संघाने सहभोजने घडवून आणली. १९३३ मध्ये रत्नागिरीत वि. दा. सावरकरांच्या प्रेरणेने ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ सुरू झाले. तथापि १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या विषयावरील भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट केले की सहभोजनाने जात मरत नाही, तिच्यावरचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे. अनेक जाती एकमेकींत जेवतात, तरी जातीची जाणीव शिल्लक राहते, हे त्यांचे निरीक्षण आजही विचार करावयास लावणारे आहे.

५. कायदा आणि ताट

२६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान या कारणांवरून प्रवेश नाकारता येणार नाही असे नमूद आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने तिचे आचरण शिक्षापात्र ठरविले. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हाच कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. संविधानात शाळा-न्यायालयांच्या महत्त्वाच्या प्रश्नांबरोबर उपाहारगृहाचा स्वतंत्र उल्लेख व्हावा, यावरून चहाच्या पेल्यामागील अपमानाची खोली लक्षात येते. कायद्याने दार उघडले. ताटाविषयीच्या भावना मात्र कायद्याच्या गतीने बदलत नाहीत. भाड्याने घर देताना किंवा सामुदायिक भोजनात कोणी कोठे बसावे हे ठरविताना, ‘काय खाता?’ हा प्रश्न पुष्कळदा ‘कोण आहात?’ या प्रश्नाच्या जागी विचारला जातो.

निष्कर्ष

१. मेंढी, कोकरू आणि बोकड यांविषयीच्या आवडीनिवडी केवळ चवीने ठरलेल्या नाहीत. लोकर, खत, शीतसाठवणूक यांचे अर्थकारण आणि बोल्हाईसारखे कुलाचार त्यांच्या मुळाशी आहेत.

२. इंग्लंडमध्ये मांसातील भेद प्रामुख्याने प्राण्याचे वय, ऋतू व बाजार यांच्या आधारे झाला. महाराष्ट्रात त्याबरोबरच शिजविणाऱ्याची जात आणि पंक्ती हे निकष प्रभावी ठरले.

३. गिरणगावातील खाणावळीने जेवण घराबाहेर आणले, पण गाव आणि जात पुष्कळशी बरोबर ठेवली. इराणी हॉटेल, शाहूंचा चहा आणि साताऱ्याचे बोर्डिंग यांनी अपरिचितांना एकत्र बसविले.

४. एका हॉटेलात जेवणे म्हणजे एका पंक्तीत जेवणे नव्हे. स्वतंत्र टेबलावर बसलेले ग्राहक परस्परांची जात न विचारता जेवतात; त्यात सोय आहे, समता असेलच असे नाही.

खाणावळवाल्या स्त्रियांच्या आठवणी, वसतिगृहांच्या जेवणाच्या नोंदवह्या आणि जुन्या हॉटेलांचे फलक ही सामाजिक इतिहासाची मोलाची साधने असून ती वेगाने नष्ट होत आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या परिसरात त्यांचे संकलन हाती घेतल्यास महाराष्ट्राच्या समतेच्या लढ्याचा चुलीपासून सुरू होणारा अध्याय लिहिता येईल.